कोल्हापुरातून एका दिवसाची मंदिरसहल : अर्धा दिवस खिद्रापूरला द्यावा का?

रंगशिळा :

आमच्या परिचयातल्या काही कुटुंबांसाठी आणि सुट्टीत पुण्या-मुंबईहून येणाऱ्या त्यांच्या आप्तांसाठी, सकाळी कोल्हापुरातून निघून संध्याकाळी परतणारी आणि जाणकार मार्गदर्शक सोबत असलेली मंदिरसहल आखण्याचे काम माझ्याकडे आले आहे. अशा सहलींचे कार्यक्रम चाळले, तर बहुतेकांत अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा, नृसिंहवाडी आणि खिद्रापूर ही सगळी ठिकाणे एकाच दिवसात बसवलेली दिसतात. जोतिबा आणि पन्हाळा शहराच्या वायव्येला, तर खिद्रापूर पूर्वेला सुमारे साठ किलोमीटरवर, कर्नाटकाच्या सीमेला लागून. त्यामुळे दिवसाचा मोठा भाग गाडीतच सरतो आणि खिद्रापूरच्या कोपेश्वर या शिवमंदिराच्या वाट्याला जेमतेम अर्धा तास येतो. तिथल्या उघड्या छताच्या स्वर्गमंडपाखाली उभे राहून वर पाहत छायाचित्र काढण्याइतका तो वेळ पुरतो; ज्या मंदिराच्या पायथ्यापासून छतापर्यंत प्रत्येक थर काही सांगतो आहे, त्याच्यासाठी तो फारच अपुरा आहे. म्हणून मी तीनच ठिकाणे घेण्याचे ठरवत आहे : सकाळी खिद्रापूर, दुपारी नृसिंहवाडी आणि सायंकाळी अंबाबाई. यांपैकी सर्वांत अधिक वेळ खिद्रापूरला द्यावा, असे माझे आग्रहाचे मत आहे.

हा क्रम लावताना मी सूर्याचा विचार केला आहे. कोपेश्वराचे मंदिर पूर्वाभिमुख असल्यामुळे सकाळच्या तिरप्या उन्हात त्याच्या दर्शनी भागातले स्तंभ आणि कोरीवकाम ज्या स्पष्टपणे दिसते, तसे भर दुपारी दिसत नाही. अंबाबाईचे मंदिर पश्चिमाभिमुख आहे. जानेवारीची ३१ तारीख आणि फेब्रुवारीची १ व २, तसेच नोव्हेंबरची ९, १० व ११ या दिवसांत मावळतीची किरणे महाद्वाराच्या बाजूने आत येऊन पहिल्या दिवशी देवीच्या चरणांना, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोहोचतात, हे आपण सगळेच जाणतो. किरणोत्सवाचे दिवस नसले तरी मावळतीच्या सुमारास पश्चिमेकडून त्या आवारात प्रवेश केला, तर मंदिराची दिशा किती विचारपूर्वक ठरवली आहे ते मार्गदर्शकाला जागेवर उभे राहून दाखवता येते. उगवतीचे मंदिर सकाळी आणि मावळतीचे संध्याकाळी पाहिले, की दोन वेगवेगळ्या रचना एका दिवसात शेजारी ठेवून समजून घेता येतात.

खिद्रापूरला मार्गदर्शकाने काय करावे, याबद्दल माझ्या काही निश्चित अपेक्षा आहेत. बसमधून उतरल्यावर मंडळींना थेट गाभाऱ्याकडे नेऊ नये. आधी बाहेरून प्रदक्षिणा घालावी आणि नजर खालून वर न्यावी. मुख्य मंदिराच्या तळाशी हत्तींची रांग आहे, ज्याला गजपीठ म्हणतात. जणू साऱ्या मंदिराचा भार त्या हत्तींच्या पाठीवर आहे, अशी ती योजना आहे. त्यांतल्या अनेक हत्तींची तोंडे आणि सोंडा तुटलेल्या आहेत, तरी पाठीवर बसलेल्या देवतांमुळे आणि झुलींच्या नक्षीमुळे मूळ काम किती बारकाईचे होते याचा अंदाज येतो. त्यावर भिंतीचे थर, देवकोष्ठे म्हणजे मूर्तींचे कोनाडे, आणि सुरसुंदरी म्हणजे अप्सरांच्या मूर्ती. मंदिराचा आराखडा तारकाकृती असल्यामुळे भिंत सतत आत-बाहेर वळत राहते, आणि सूर्य सरकतो तसे कधी या कोनावर, कधी त्या कोनावर ऊन पडते. प्रदक्षिणा घाईने उरकली, तर हे काहीच हाती लागत नाही.

त्यानंतर स्वर्गमंडप. हा मुख्य मंदिरापासून किंचित सुटा, चहूबाजूंनी उघडा मंडप आहे. त्याच्या छताला मधोमध मोठी वर्तुळाकार मोकळी जागा ठेवलेली असून बरोबर तिच्याखाली, जवळपास तितक्याच व्यासाची एकसंध वर्तुळाकार शिळा जमिनीत बसवलेली आहे. भोवती बारा स्तंभांचे वर्तुळ. एकेक स्तंभ खालून वर पाहावा, कारण चौरस, अष्टकोनी आणि गोल असे आकार एकाच स्तंभात एकमेकांत मिसळत जातात, आणि गोल भागांना तर चरकावर फिरवल्यासारखी झिलई आहे. वर्तुळाच्या कडेला दिक्पाल, म्हणजे दिशांचे रक्षक देव, आपापल्या वाहनांवर, सहचारिणींसह आरूढ आहेत. येथे मार्गदर्शकाने बोलणे थांबवून प्रत्येकाला स्वतः दिशा ओळखायला लावावी, असे मला वाटते. पूर्वेला ऐरावतावरचा इंद्र, आग्नेयेला मेंढ्यावरचा अग्नी, दक्षिणेला रेड्यावरचा यम आणि पश्चिमेला मकरावरचा वरुण सापडला, की उरलेले आपोआप उलगडत जातात, आणि मुले तर या शोधात पूर्ण रमतात.

आता इतिहासाविषयी. 'हे हेमाडपंती मंदिर आहे' एवढ्यावर अनेक मार्गदर्शक थांबतात, आणि त्याला माझा ठाम विरोध आहे. ज्याच्यावरून हे नाव पडले तो हेमाद्री देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या काळातला, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. कोपेश्वराचे मंदिर शिलाहारांच्या काळात, बाराव्या शतकात आकाराला आले. आणि यादव राजा सिंघण याने या देवाला गाव दान दिल्याचा संस्कृत शिलालेख शके ११३६ चा, म्हणजे इ. स. १२१३-१४ चा आहे. तो लेख आजही मंदिराच्या दक्षिण बाजूस पाहता येतो. त्याच्या जेमतेम वर्ष-दोन वर्षे आधी याच सिंघणाने कोल्हापूरच्या शिलाहारांचा शेवटचा राजा दुसरा भोज याचा पराभव करून पन्हाळा घेतला होता. पराभूत घराण्याच्या देवस्थानाला नव्या सत्ताधीशाने लगेच दान देणे ही राजकारणाच्या दृष्टीने किती अर्थपूर्ण गोष्ट आहे! हा लेख दाखवल्याशिवाय कोणत्याही मार्गदर्शकाने खिद्रापूर सोडू नये.

या आखणीबद्दल आपली मते हवी आहेत. विशेषतः ज्येष्ठांना घेऊन जाताना काय काळजी घ्यावी, आणि वर्षातला कोणता काळ निवडावा, यावर अनुभवी मंडळींनी लिहावे.

पन्हाळवेडी :

आखणी विचारपूर्वक केली आहे, पण जोतिबा वगळण्याला माझी हरकत आहे. बाहेरगावच्या अनेक कुटुंबांचे जोतिबा हे कुलदैवत असते. त्यांना कोल्हापुरात आणून जोतिबाच्या डोंगरावर, वाडी रत्नागिरीला न नेता परत पाठवायचे, हे घरातल्या आजी-आजोबांना पटणार नाही. शिवाय मंदिरस्थापत्याच्या दृष्टीनेही तो डोंगर महत्त्वाचा आहे. केदारलिंगाचे, म्हणजे जोतिबाचे, सध्याचे मंदिर राणोजी शिंदे यांनी १७३० मध्ये बांधले, केदारेश्वराचे दौलतराव शिंदे यांनी १८०८ मध्ये. म्हणजे उत्तरेत ग्वाल्हेरपर्यंत सत्ता गाजवणाऱ्या घराण्याची आपल्या कुलदैवतावरची निष्ठा तिथे दगडात उभी आहे, आणि ती शिलाहार काळाच्या मंदिरांशी ताडून पाहण्यासारखी आहे.

रंगशिळा :

पन्हाळवेडी ताई, जोतिबाचे महत्त्व मी तसूभरही कमी लेखत नाही. उलट त्याला स्वतंत्र दिवस हवा, असेच माझे म्हणणे आहे. जोतिबा आणि पन्हाळा एकाच अंगाला आहेत. तेव्हा पहिल्या दिवशी पूर्वेकडची सहल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जोतिबा, तेथून पुढे पन्हाळा, अशी मांडणी केली तर आपण म्हणता ती तुलना दोन्ही मंदिरे नीट पाहिल्यावर अधिक चांगली करता येईल. एकच दिवस हाती असलेल्या आणि जोतिबाचे दर्शन अनिवार्य असलेल्या कुटुंबाने मात्र त्या दिवशी खिद्रापूर घेऊ नये, जोतिबा आणि अंबाबाई एवढेच करावे. दोन्ही टोके गाठण्याच्या धावपळीत कुलदैवतापुढेही मन स्थिर राहत नाही.

कृष्णाकाठ :

मी शिरोळ तालुक्यातलाच आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मूळ लेखात शिलालेख आणि स्थापत्य यांवर जेवढा भर आहे, तेवढा आमच्याकडच्या कथेवर नाही, याचे मला थोडे वाईट वाटले. कोपेश्वराच्या समोर नंदी नाही. शिवमंदिरात नंदी नसणे ही कोणाच्याही लक्षात येणारी गोष्ट आहे आणि त्याचे उत्तर आमच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. दक्षाने यज्ञ मांडला, जावयाला बोलावले नाही, तरी सती नंदीवर बसून माहेरी गेली आणि तिथल्या अपमानाने तिने देह ठेवला. संतापलेले महादेव येथे येऊन बसले म्हणून ते कोपेश्वर, आणि त्यांचा कोप शांत करण्यासाठी विष्णू आले ते धोपेश्वर. गाभाऱ्यात म्हणूनच दोन लिंगे आहेत. नंदी सतीबरोबर गेला तो तिकडेच राहिला. कर्नाटकातल्या येडूर गावी जो नंदी आहे, तो याच मंदिराचा, असे आम्ही मानतो. गावातले म्हातारे लोक ही कथा अशा रीतीने सांगतात, की हे मंदिर त्यांच्या घरातले आहे असे ऐकणाऱ्याला वाटावे. बाहेरून आलेल्या मार्गदर्शकाने ती 'दंतकथा' म्हणून झटकून टाकली, तर गावकऱ्यांना दुखावल्यासारखे होते.

व्यवहाराच्या दोन गोष्टीही सांगतो. पावसाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, ही सहल ठेवूच नये. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर आमच्या तालुक्याने सोसले आहेत. एरवीच्या पावसातही नदी फुगली की रस्ते कधी बंद होतील सांगता येत नाही. थंडीचे महिने उत्तम. मात्र तो उसाच्या गळिताचा हंगाम असल्यामुळे जयसिंगपूर, शिरोळ आणि कुरुंदवाडच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते. कोल्हापुरातून सहाला निघालात तर त्रास होणार नाही. आठला निघालात तर सकाळचे ऊन हुकलेच म्हणून समजा.

रंगशिळा :

कृष्णाकाठ, आपण कथा इतक्या आत्मीयतेने लिहिलीत, याबद्दल मनापासून आभार. ती वगळण्याचा माझा विचार नव्हता. कथा, शिलालेख आणि दगडावरचा पुरावा या तिन्ही गोष्टी मार्गदर्शकाने सांगाव्यात, पण कोणती गोष्ट कोणत्या प्रकारची आहे हे ऐकणाऱ्याला कळेल अशा रीतीने सांगाव्यात, एवढाच माझा आग्रह आहे. नंदीची कथा सांगण्याची योग्य जागा गाभाऱ्याच्या समोर आहे, जिथे प्रत्येकाची नजर नंदीला शोधते. ती सांगण्यासाठी गावातल्याच एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीला विनंती करावी आणि मार्गदर्शकाने तेवढा वेळ ऐकणाऱ्यांत बसावे, असे आपले पत्र वाचून मला वाटू लागले आहे. त्यासाठी योग्य मानधनही द्यायला हवे.

ओवी :

मूर्तींची तोडफोड कोणी केली, हा प्रश्न तिथे हमखास विचारला जातो आणि मार्गदर्शक त्यावर अतिशय रंगवून सांगतात. मुलांच्या मनात मंदिराऐवजी तेवढेच राहते. यावर काय करावे?

रंगशिळा :

ओवी ताई, पुराव्याने सिद्ध असेल तेवढेच सांगावे आणि उरलेला वेळ शिल्लक आहे त्याकडे वळवावा. भग्न हत्तीपुढे उभे राहून, त्याच रांगेतला सुस्थितीतला हत्ती कोणता आणि तुटलेल्याचा कोणता भाग कसा असला पाहिजे, असे मुलांना विचारले तर त्यांचे डोळे दगडावर खिळतात. याखेरीज मुलांना सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट खिद्रापुरात आहे. कोपेश्वरापासून थोड्याच अंतरावर जुने जैन मंदिर आहे आणि बहुतेक सहली त्याच्याकडे फिरकतही नाहीत. शिलाहार राजा गंडरादित्य याने मिरज प्रांतात गंडसमुद्र नावाचा तलाव बांधून त्याच्या काठी शिव, बुद्ध आणि जिन अशा तिघांची मंदिरे उभारली, असे त्याच्या दानलेखातून कळते. त्याचा सामंत निंबदेव याने कोल्हापुरात रूपनारायण जिनालय बांधले. इतकेच कशाला, अंबाबाईच्या आवारात पूर्व दरवाजाजवळ शेषशायी विष्णूचे जे छोटे मंदिर आहे, त्याच्या मंडपात तीर्थंकरांच्या लहान लहान मूर्ती कोरलेल्या आहेत. या प्रदेशात हे पंथ शेजारी नांदत होते, आणि तो शेजार या एका दिवसात सकाळी व सायंकाळी दोन्ही वेळा डोळ्यांनी पाहता येतो.

वाडीकर :

नृसिंहवाडीबद्दल मूळ लेखात एकच ओळ आहे, म्हणून लिहितो. वाडी पाहायची तर तिथली शिल्पे शोधू नयेत, कारण ते मंदिर त्या अर्थाने शिल्पसमृद्ध नाही. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर औदुंबराखालच्या पादुकांचे ते स्थान आहे. नृसिंह सरस्वतींचे बारा वर्षे येथे वास्तव्य होते, अशी परंपरा आहे. मंदिराचे सगळे रूप नदीशी बांधलेले आहे. पावसाळ्यात पाणी चढत चढत मंदिरात शिरते, पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, आणि त्या वेळी दक्षिणद्वार सोहळ्याच्या स्नानाला दूरदूरचे भाविक येतात. दरवर्षी पाण्याखाली जाणार हे गृहीत धरून जपलेले असे देवस्थान आणि खिद्रापूरसारखे कोरीव मंदिर यांतला फरक मार्गदर्शकाने घाटावर बसून सांगावा. दुपारच्या महापूजेनंतर प्रसाद घेऊन मंडळींना तासभर संगमावर मोकळे सोडावे. त्या तासात एकही शब्द बोलण्याची गरज नाही. परतताना बासुंदी, कंदी पेढे आणि कवठाची बर्फी घेतल्यावाचून कोणी निघणार नाही, तो वेळही धरून ठेवावा.

ज्येष्ठांविषयी विचारले आहे. वाडीला घाटाच्या पायऱ्या आहेत, पण दर्शन पायऱ्या पूर्ण न उतरताही होऊ शकते. खिद्रापूरला सभामंडपात जाळीदार खिडक्यांतून येणाऱ्या उजेडावरच भिस्त असल्यामुळे बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर काही क्षण दिसत नाही आणि उंबरा उंच आहे. तेव्हा आत शिरण्यापूर्वी थोडे थांबायला सांगावे आणि एकेकाला हात द्यावा. विजेरी जरूर ठेवावी, परंतु ती छताकडे आणि स्तंभांकडे धरावी, पूजा चालू असेल तर गाभाऱ्याकडे धरू नये.

पन्हाळवेडी :

अंबाबाईच्या मंदिरात सायंकाळी गर्दी असली, तर तुमचे सगळे वेळापत्रक रांगेतच संपेल. मार्गदर्शक तिथे नेमके काय दाखवणार?

रंगशिळा :

प्रश्न रास्त आहे. आवारात ध्वनिक्षेपक लावून बोलणे योग्य नाही आणि दर्शनरांगेत उभे राहून वास्तू समजावणेही शक्य नाही. म्हणून दर्शन आणि वास्तू या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. आधी बाहेरची फेरी घ्यावी. मुख्य मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवर योगिनींच्या आणि नृत्य-वादन करणाऱ्या स्त्रियांच्या मूर्तींचे जे पट्टे आहेत, त्यांच्याकडे रोज येणाऱ्या कोल्हापूरकरांचेही लक्ष जात नाही. महालक्ष्मी मध्ये आणि महाकाली व महासरस्वती दोन्ही अंगांना, ही त्रिकूट रचना बाहेरून सर्वांत चांगली कळते. देवीच्या गाभाऱ्याच्या वरच्या मजल्यावर मातुलिंग हे शिवलिंग आहे, हेही तेव्हाच सांगावे. आक्रमणांच्या काळात मूर्ती मंदिराबाहेर लपवून ठेवावी लागली होती आणि १७१५ च्या विजयादशमीला, करवीरच्या संभाजी महाराजांच्या काळात, तिची पुन्हा प्रतिष्ठापना झाली, ही हकिगत ऐकल्यावर गाभाऱ्यासमोर उभे राहणाऱ्याच्या मनात काय उमटते ते शब्दांत सांगणे अवघड आहे. एवढे झाल्यावर प्रत्येकाने आपापल्या सवडीने दर्शन घ्यावे. ज्यांना रांगेत उभे राहणे झेपणार नाही त्यांनी मुखदर्शन घ्यावे. आत छायाचित्रे घेण्यास मनाई आहे, हे बसमध्येच सांगून ठेवावे.

कृष्णाकाठ :

कार्तिकी पौर्णिमेला चंद्र स्वर्गमंडपाच्या वर्तुळावर येतो, ते पाहण्यासाठी हल्ली मोठी गर्दी जमते. ती रात्र सहलीत धरायची असेल, तर अर्थातच सगळा कार्यक्रम उलटा करावा लागेल. माझ्या मते पहिल्यांदा येणाऱ्याने त्या रात्री येऊ नये. आधी दिवसाउजेडी मंदिर ओळखीचे करून घ्यावे आणि मग चंद्र पाहायला यावे.

ओवी :

मूळ लेखातले एक राहून गेले. वार कोणता ठेवणार? आणि टाउन हॉलमधल्या वस्तुसंग्रहालयाला सायंकाळपूर्वी अर्धा तास देता येईल का? ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेल्या वस्तू, त्यांतली पोसायडनची ब्राँझ मूर्ती, हे सगळे पाहिले म्हणजे शिलाहारांच्या कितीतरी आधीचे कोल्हापूरही समजेल, असे मला वाटते.

रंगशिळा :

संग्रहालयाची सूचना मला मोलाची वाटते, परंतु नृसिंहवाडीहून निघायला उशीर झाला तर ते बंद होण्यापूर्वी पोहोचणे कठीण आहे. तेव्हा ते जोतिबा-पन्हाळ्याच्या दुसऱ्या दिवसात धरतो. तिकडून परतताना दुपार हाताशी राहते. वाराचा विचार करता सोमवारी कोपेश्वराला भाविकांची गर्दी असते, मंगळवारी आणि शुक्रवारी अंबाबाईला, गुरुवारी आणि पौर्णिमेला वाडीला, तर रविवारी सगळीकडेच. नोकरदारांना शनिवार सोयीचा पडेल हे मान्य आहे, पण ज्यांना रजा काढता येईल त्यांच्यासाठी मी बुधवार ठेवत आहे. गाडी पहाटे पावणेसहाला बिंदू चौकात उभी राहील आणि बरोबर सहाला सुटेल.